वांग आणि गोरेपणाची ट्यूब



गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग उठतात, त्याला आपण वांग म्हणतो. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत कोणी म्हणतं रक्त खराब झालं, कोणी म्हणतं करणी केली. दोन्ही खोटं. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन काही जागी जास्त तयार होतं, एवढंच. वांग एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्याने जीवाला धोका नाही.

सर्वांत मोठं कारण ऊन. सोयाबीनची खुरपणी, वीटभट्टी, बांधकाम ही आपल्या बायांची कामं उन्हातली. चुलीच्या धगीनेही डाग गडद होतात. त्यात गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातला वारसा यांची भर पडते. म्हणजे वांग हा बाईचा दोष नाही. तरी मुलगी पाहायला आलेले पाहुणे डागावर बोट ठेवतात, आणि आपण गुपचूप ट्यूब आणतो.

खरा धोका त्या ट्यूबमध्ये आहे. मेडिकलवर चिठ्ठीविना मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाली येते, मुरूम आणि लव वाढते. क्रीम सोडली की आग होते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती विकली जातात. काही क्रीममध्ये पारा असतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली. त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

मग करायचं काय? उन्हात पदर किंवा रुमाल कपाळ-गाल झाकेल असा बांधा. जमलं तर एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन लावा, उन्हात दर दोन-तीन तासांनी पुन्हा. लिंबू, सोडा, टूथपेस्ट चोळू नका. कातडी भाजली की डाग आणखी काळा होतो. गरोदरपणातलं वांग बाळंतपणानंतर बऱ्याचदा फिकं होतं, तोवर औषधी क्रीम मनाने लावू नका. गोळ्या मनाने बंद करू नका. दुसरं साधन दवाखान्यात विचारा. नांदेडला विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय रुग्णालय आहे; तिथे त्वचारोग विभागात दाखवा. उपचाराला महिने लागतात, आणि ऊन टाळलं नाही तर वांग परत येतं. आठ दिवसांत घालवतो म्हणणारा फसवतो.

डाग फिकट असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर ते वांग नव्हे. कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या; सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे आणि रोग बरा होतो.

केवळ ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे म्हणून मानू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. जाहिरातीलाही तोच नियम लावा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जमतो, तेव्हा एका दिवशी घरातल्या ट्यूबा घेऊन या. शिकलेल्या मुलींना त्यावरची नावं वाचू द्या. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' आलं, मर्क्युरी किंवा कॅलोमेल लिहिलं असेल, किंवा बनवणाऱ्याचं नावच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. बरेच महिने लावत असाल तर एकदम सोडण्याआधी त्यांना विचारा.

आणि पुरुषांनो, सोयरिकीत 'गोरी हवी' म्हणणं आधी आपल्या घरातून बंद करा. रंगावरून माणूस तोलणं ही जातीचीच बहीण आहे.