डोळे मिटल्यावर सफरचंद दिसत नाही? मग तुमची कल्पनाशक्ती कमी आहे का?

डोळे मिटा आणि एक लाल सफरचंद आठवा. किती स्पष्ट दिसतंय, एक ते पाचमध्ये सांगा. ही रील तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेली असेल. वाशिमचे असाल तर सफरचंद सोडा, पद्मतीर्थ आठवा. काहींना पाणी, पायऱ्या, काठावरची माणसं सगळं सिनेमासारखं दिसेल. काहींना पुसट चित्र दिसेल. आणि काहींना फक्त अंधार. पद्मतीर्थ कसं आहे हे त्यांना नीट माहीत असतं, ते वर्णनही करतील, पण 'दिसत' काहीच नाही.

या शेवटच्या प्रकाराला 'अफँटेशिया' म्हणतात. हा शब्द ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी 2015 मध्ये रूढ केला. त्याआधी त्यांच्याकडे एक निवृत्त सर्व्हेअर आला होता. हृदयावरच्या उपचारानंतर त्याच्या मनातली चित्रं अचानक गेली होती. 2010 मध्ये त्याची केस प्रसिद्ध झाली आणि 'आम्हाला तर जन्मापासूनच काही दिसत नाही' असं सांगणारे लोक पुढे आले. 'डोळ्यासमोर आणा' ही नुसती बोलण्याची पद्धत नाही, इतरांना खरंच दिसतं, हे त्यातल्या अनेकांना मोठेपणी कळलं होतं.

मनात अजिबात चित्र न उमटणारे लोक शंभरात साधारण एक असावेत, असा अंदाज आहे. पुसट दिसणारे धरले तर हा आकडा चारच्या आसपास जातो. दुसऱ्या टोकाला अतिशय ठळक चित्रं पाहणारे, म्हणजे 'हायपरफँटेशिया' असलेले लोक आहेत. आपण सगळे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहोत.

लोक नुसतं सांगतात की खरंच तसं असतं?

ही शंका रास्त आहे. दुसऱ्याच्या डोक्यात डोकावता येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1880 मध्ये लोकांना सकाळच्या नाश्त्याचं टेबल आठवायला सांगून असाच सर्व्हे केला होता, पण तोही सगळा सांगण्यावरच अवलंबून होता. अलीकडे मात्र शरीराची साक्ष काढता आली आहे. झगझगीत प्रकाशाची कल्पना केली की बहुतेकांच्या डोळ्यातली बाहुली थोडी आकसते. अफँटेशिया असलेल्यांची आकसत नाही. तोच प्रकाश प्रत्यक्ष समोर आणला की मात्र त्यांचीही आकसते. म्हणजे डोळे ठीक आहेत, फरक आतल्या चित्राचा आहे.

स्वप्नांचं आणखी गमतीचं आहे. झेमन यांच्या 2015 च्या अभ्यासात 21 जण होते आणि त्यातल्या 17 जणांना स्वप्नात चित्रं दिसत होती. जागेपणी ठरवून एक सफरचंद उभं करता येत नाही, पण झोपेत अख्खी बाग दिसते! मुद्दाम चित्र काढणं आणि आपोआप चित्र उमटणं या मेंदूच्या दोन वेगळ्या वाटा असाव्यात, असं यावरून वाटतं. जन्मापासून अंध असलेल्यांनाही स्वप्नं पडतात, पण ती आवाजाची, स्पर्शाची, वासाची असतात.

चित्र दिसत नसेल तर कला जमेल का?

एड कॅटमुल यांना विचारा. 'टॉय स्टोरी' बनवणाऱ्या पिक्सारचे हे सहसंस्थापक. त्यांना मनात चित्र दिसत नाही. 'द लिटल मरमेड'मधली एरियल साकारणारे डिस्नेचे ॲनिमेटर ग्लेन कीन यांनाही दिसत नाही. कॅटमुल यांनी पिक्सारमधल्या शेकडो सहकाऱ्यांना प्रश्न विचारले, तर कलाकारांपेक्षा निर्मितीचं व्यवस्थापन पाहणाऱ्यांनाच जास्त स्पष्ट दिसत असल्याचं आढळलं. कीन यांच्यासारखा माणूस चित्र आधी 'पाहून' काढत नाही, काढता काढता ते त्याला सापडतं.

इथे वाशिम येतं. आजचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला. त्यातल्या कथेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लागतं. त्याच ग्रंथात प्रतिभेची चर्चा आहे. ज्याच्याकडे प्रतिभा आहे त्याला न पाहिलेली गोष्टही प्रत्यक्षासारखी होते, असं राजशेखर म्हणतो आणि उदाहरण देतो मेधाविरुद्र आणि कुमारदास या कवींचं, जे जन्मांध असल्याचं त्याने ऐकलं होतं. कल्पना करायला डोळ्यासमोर चित्र लागतंच असं नाही, हे त्याने वेगळ्या भाषेत मांडलेलं आहे. तो काही अफँटेशियाबद्दल लिहीत नव्हता, हे उघड आहे. 'आपल्याकडे आधीच सगळं माहीत होतं' असं म्हणायचा मोह टाळलेला बरा.

रील संपल्यावर काय?

अफँटेशिया हा आजार नाही. त्याला औषध नाही, त्याची गरजही नाही. अशा काहींना जुने प्रसंग बारकाव्यांसह आठवणं किंवा चेहरे ओळखणं जड जातं, एवढंच. त्यामुळे 'मुलाची कल्पनाशक्ती जागवतो' म्हणून कुणी फी मागत असेल तर सावध व्हा. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे क्लास आठवतात ना? मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात, असा त्यांचा दावा होता. मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघत होती, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं. तरी पालकांचे हजारो रुपये गेलेच.

दुसरी गल्लत याच्या उलटी आहे आणि मला ती जास्त महागाची वाटते. 'प्रत्येकाचा मेंदू वेगळा असतो' हे वाक्य रीलमध्ये छान वाटतं, पण त्या एका टोपलीत अफँटेशिया, डिस्लेक्सिया, स्वमग्नता सगळंच टाकलं जातं. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये आहेत. त्यांना प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. अफँटेशिया त्या यादीत नाही.

डिस्लेक्सिक मुलांसाठी परीक्षेच्या सवलती महाराष्ट्राने 1996 मध्येच सुरू केल्या. पण तपासणीची सोय आधी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत होती, आणि रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या पालकासाठी मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि बुडालेली मजुरी. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे 2024 मध्ये आलं.

चौथीतलं पोर तोंडी सगळं फटाफट सांगतं, पण लिहिताना अक्षरं गाळतं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना भेटा. प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण आठव्या वर्षापासून होते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून ती करतात. सफरचंदाच्या रीलवर ती होत नाही.