राजधानी, वसाहत आणि घर

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही पेणहून सहकुटुंब निघून रोह्यास मावशींकडे मुक्काम केला, व दोन दिवसांत दोन स्थळें पाहिलीं: स्वराज्याची राजधानी रायगड, आणि पोर्तुगीजांचें जुनें ठाणें रेवदंडा. दक्षिण अमेरिकेंत उरुग्वेची राजधानी मॉंटेव्हिडिओ पाहावयास गेलेले प्रवासी कलोनिआ हें पोर्तुगीजांनीं वसविलेलें गांवहि आवर्जून पाहून येतात. तें गांव १६८० सालीं, म्हणजे शिवछत्रपति निवर्तले त्याच वर्षीं वसलें. आमच्याकडे मात्र रायगड पाहून आलेल्या मंडळींस रेवदंडा क्वचितच आठवतो.

पहिल्या दिवशीं कोलाड, माणगांव, महाड या वाटेनें पाचाड गांठलें. मावशी रज्जुमार्गानें वर आल्या. आम्ही मुलांसह पायऱ्या चढलों. ६ जून १६७४ रोजीं जेथें राज्याभिषेक झाला तेथें आज छप्पर नाहीं. १८१८ सालच्या वेढ्यांत इंग्रजांच्या तोफांनीं वाडे जळाले. जोतीं तेवढीं उरलीं. जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचें नांव पाहून आमच्या बाळनें विचारिलें, “आजी, नांव पायरीवर कां?” मावशी म्हणाल्या, “देवदर्शनास येणाऱ्यांची पायधूळ त्यावर पडावी म्हणून, बाळ.” ही गोष्ट त्यांनीं आपल्या आईकडून ऐकिली होती.

दुसऱ्या दिवशीं रेवदंड्यास गेलों. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका येथें समुद्रास मिळते. १५७०-७१ सालीं निजामशहाचा वेढा या शहरानें सोसला. १७४० सालीं तें मराठ्यांकडे आलें. आज त्या कोटांत नारळीपोफळींच्या वाड्या आहेत, व पडक्या ख्रिस्तमंदिराचा ‘सातखणी’ मनोरा एकटाच उभा आहे.

खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. त्याच्या पायथ्याशीं राहणारीं ख्रिस्ती कुटुंबें अजूनहि पोर्तुगीजांतून निपजलेली व मराठीच्या शेजारानें घडलेली एक बोली बोलतात. तिला तीं ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीजांची सत्ता गेली, तरी चुलीपाशीं व ओटीवर बोलली गेल्यानें ती पावणेतीनशें वर्षांहून अधिक तगली. तेथील एक आजीबाई मावशींस म्हणाल्या, “बाय, मी नातवंडांशीं आमच्या भाषेंत बोलतें, पण तीं उत्तर मराठींत देतात.” आम्हांस हसूं आलें. परततांना मावशींनीं बाळला कांहीं विचारिलें, त्यानें इंग्रजींत उत्तर दिलें. तेव्हां तें हसूं मावळलें.

वाडे जळतात, कोट ढासळतात. घरांत रोज बोललेलें तेवढें पुढच्या पिढीच्या हातीं लागतें. वाचकांनीं हीं दोन्ही स्थळें एकाच फेरींत पाहावीं, आणि घरांतील वडील माणसांस अवश्य बरोबर न्यावें. घरीं आल्यावर मुलांनीं सारा प्रवास आजीला मराठींत सांगावा. आमच्याकडे ही चाल त्याच रात्रीं सुरू झाली.