गाडी बंद पडली, तर आधी सावली

नागपूरहून रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. कामठी, कन्हान, मनसर मागे टाकले की गडावरील मंदिराची ओढ लागते. पत्नीला मागे बसवून आणि मुलाला पुढे उभे करून आपणांपैकी कित्येकांनी हा प्रवास स्कूटरवर केला असेल. वाटेत गाडी बंद पडली नाही, असे भाग्यवान थोडेच. प्लगवर काजळी धरली, तर तो काढून घासावयाचा. गाडी रुसली, तर ती एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारावयाची. १९७२ मध्ये आलेल्या चेतकने एका संपूर्ण पिढीला ही विद्या शिकविली.

आज आपण सत्तरीत आहात. ती विद्या आपल्याला आठवते. मात्र आपल्या हृदयाला, गुडघ्यांना आणि कमरेला ती आता पेलवेलच असे नाही. लांबच्या प्रवासात गाडीचा बिघाड बहुधा किरकोळ असतो. त्यानंतर आपण जी धडपड करतो, तीच अधिक अपाय करते.

दम रोखून वारंवार किक मारताना रक्तदाब झपाट्याने चढतो. शंभरेक किलोची गाडी उन्हात ढकलणे हा तर हृदयविकार असलेल्यांसाठी मोठाच ताण. म्हणून तीन-चार किकांत गाडी सुरू झाली नाही, तर थांबावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम, धाप यांपैकी काहीही जाणवले, तर गाडीचा विचार सोडून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

आताच्या गिअरविरहित स्कूटरींची गोष्ट आणखी निराळी. इंजिन चालू आहे, पण चाक फिरत नाही, असे झाल्यास बहुधा आतील पट्टा तुटलेला असतो. तो रस्त्याच्या कडेला आपल्या हातून दुरुस्त होणारा नाही. अशा गाड्या ढकलून सुरूही होत नाहीत. तेव्हा प्रयत्न न करणे हेच येथे शहाणपण होय.

मग करावे काय? गाडी रस्त्याच्या अगदी कडेला घ्यावी, साइड स्टँडवर लावावी आणि स्वतः सावलीत बसावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवे नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर तिचे प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला कळवावे.

मधुमेहींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. इन्शुलिन किंवा गोळ्या घेऊन निघालात आणि वाटेतील खोळंब्यामुळे जेवण लांबले, तर साखर खाली येते. थरथर, घाम, गोंधळ ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच भासतात. शुद्ध असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. इन्शुलिन डिकीत ठेवू नये. डिकी उन्हात तापते आणि औषध निकामी होते. औषधे, साखर व पाणी अंगावरील पिशवीत असावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी ब्रेक, टायरची हवा, स्टेपनी, दिवे आणि बॅटरी ओळखीच्या मेकॅनिककडून पाहून घ्यावी. मागे बसणाऱ्याच्या साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाणार नाही, याची खात्री करावी. दोघांनीही हेल्मेट घालावे. तासाभराने थांबून पाय मोकळे करावेत.

आता शुश्रूषा करणाऱ्या मुलासुनांसाठी दोन शब्द. बाबांची किल्ली हिसकावून घेऊ नका. त्या किल्लीत त्यांचे स्वातंत्र्य आहे. पंचावन्नीनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्या निमित्ताने दृष्टी, श्रवण, गुडघे आणि चालू औषधांची गुंगी यांचा विचार डॉक्टरांसमोर एकत्र बसून करावा. शहरात त्यांनी चालवावे आणि लांबच्या वाटेवर मागे बसावे, असा मधला मार्गही निघतो. मैसूरचे डी. कृष्णकुमार जानेवारी २०१८ मध्ये वडिलांनी दिलेल्या चेतकवर वृद्ध आईला बसवून भारतभ्रमणास निघाले. माउलीने हजारो किलोमीटरचा हा प्रवास मागे बसून, जागोजागी मुक्काम करीत केला. मागे बसल्याने तिचे तीर्थाटन उणे झाले नाही.

तेव्हा प्रवासाला जरूर निघा. मात्र आज घरात एक गोष्ट ठरवून टाका: गाडी बंद पडली, की आधी सावली, मग पाणी, मग घरी फोन. दुरुस्ती सर्वांत शेवटी, आणि तीही दुसऱ्याच्या हातून. रामटेकचा गड तासभर उशिरा गाठला, तरी काही बिघडत नाही.