कांजण्यांची रक्ततपासणी : हंगामाआधीच विचार व्हावा



शेतकी विभागाने खतांवर लिहावे, बेण्यावर लिहावे, रोगावर लिहायचेच तर उसाच्या काणीवर लिहावे. माणसांच्या कांजण्यांशी त्याचा काय संबंध, असे काहींना वाटेल. पण तोडणारा हात आहे म्हणून गाळप आहे. रिठद गटात टोळ्या ज्या महिन्यांत मुक्कामाला असतात, त्यातच, म्हणजे थंडी सरताना आणि ऊन तापू लागताना, कांजण्यांचा जोर असतो. तेव्हा हा विषय आमच्या विभागाचाही आहे, असे आम्ही समजतो.

आधी एक गोंधळ दूर करू. देवी वेगळ्या, कांजण्या वेगळ्या. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. म्हणून दंडावर देवीच्या टोचणीचा वण आहे, आता कांजण्यांची भीती नाही, असे कोणी समजत असेल तर ते चूक आहे. त्या टोचणीचा कांजण्यांना काही उपयोग नाही.

आपल्याकडे ‘माता आली’ म्हणतात, दाराला लिंबाचा पाला लावतात, घरात फोडणी देत नाहीत, परक्याला आत घेत नाहीत. यातली परक्याला दूर ठेवण्याची रीत शहाणपणाचीच होती. अडचण अशी, की अंगावर फोड दिसण्याच्या १-२ दिवस आधीपासूनच रोग पसरू लागतो आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पसरत राहतो. पाला दाराला लागेपर्यंत बाजूच्या चार कोप्यांत लागण पोचलेली असते. ती उघडी पडायला १० ते २१ दिवस लागतात. तेवढ्यात टोळी दुसऱ्या शिवारात गेलेली असते.

लहान लेकराला कांजण्या झाल्या तर बहुधा आठ-पंधरा दिवसांत ते हिंडू-खेळू लागते. मोठ्या माणसाला त्या जड जातात, फुप्फुसाला सूज येऊ शकते. सर्वांत जास्त जपायचे ते गरोदर बाईला. पहिल्या पाच महिन्यांत आईला कांजण्या झाल्या तर शंभरात एक-दोन बाळांत जन्मतः व्यंग येऊ शकते. बाळंतपणाच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर फोड आले, तर नवजात बाळाच्या जिवावरच बेतते. कारण आईकडून बाळाला संरक्षण मिळायला वेळच उरत नाही.

मग आपल्याला धोका आहे की नाही, हे ओळखायचे कसे? टोळीतल्या बाईला विचारले तर उत्तर येते, “साहेब, लहानपणी झाल्या होत्या का नाय, ते मायले ठाऊक, अन् माय तर गेली.” सभासदांच्या घरच्या सुनांचेही पुष्कळदा असेच असते. इथेच रक्ततपासणी कामाला येते.

कांजण्या होऊन गेल्या की शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि बहुधा जन्मभर टिकतात. हातातून थोडे रक्त घेऊन प्रयोगशाळेत ‘आयजीजी’ जातीची ही प्रतिपिंडे पाहतात. ती सापडली, तर कांजण्या केव्हातरी होऊन गेल्या आहेत, घाबरण्याचे कारण नाही. न सापडली, तर जपले पाहिजे. जमिनीत काय आहे हे माती परीक्षणाशिवाय डोळ्यांनी कळत नाही, तसेच हे.

पण तपासणी सरसकट सगळ्यांची करावी, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला कांजण्या झाल्याचे घरच्यांना नक्की आठवते, त्याने पैसे घालवू नयेत. ज्याने कांजण्यांची लस घेतली आहे, त्यानेही तपासणीच्या मागे लागू नये. लसीमुळे आलेली प्रतिपिंडे नेहमीच्या तपासणीत कधीकधी दिसत नाहीत आणि माणूस विनाकारण घाबरतो. ज्याला नुकतेच रक्त चढवले आहे, त्याच्या तपासणीत दुसऱ्याची प्रतिपिंडे दिसू शकतात. म्हणून निकाल डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

तपासणी खरी हवी ती ज्यांना आठवत नाही अशा लग्न ठरलेल्या मुलींची व नवविवाहितांची. प्रतिपिंडे नसतील, तर लस घेता येते. जपानचे डॉ. मिचियाकी ताकाहाशी यांनी ही लस १९७४ मध्ये तयार केली. मोठ्या माणसाला तिचे दोन डोस लागतात. लस जिवंत विषाणूची असल्याने गरोदरपणी देत नाहीत, आणि घेतल्यावर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस गर्भ राहू द्यायचा नसतो. म्हणजे पेरणीनंतर जमीन तपासून भागत नाही, आधीच तपासायला हवी. सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही. ती पदरमोड करून घ्यावी लागते.

गरोदर बाई कांजण्यांच्या रुग्णाजवळ राहिली आणि पूर्वी झाल्याचे आठवत नसेल, तर फोड येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लागणीनंतर पहिल्या आठवड्यात घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडे दिसली तर ती जुनीच असतात. नवी इतक्या लवकर तयार होत नाहीत. प्रतिपिंडे नसतील तर संरक्षक इंजेक्शन देता येते, पण ते जितके लवकर तितके चांगले, फार तर १० दिवसांच्या आत. घरगुती उपायात हे दिवस निघून गेले तर ही वाट बंद होते. आणि एक लक्षात ठेवा : कांजण्यांच्या तापात लेकराला अ‍ॅस्पिरिनची गोळी कधीही देऊ नये.

“मजूर आज आहेत, उद्या नाहीत, त्यांच्या तपासणीचा खर्च आपण का सोसावा?” असे काही सभासद म्हणतील. त्यांना आमचे सांगणे, रोग सातबारा पाहून घरात शिरत नाही. कोप्या आपल्याच विहिरीजवळ असतात, आपलीच सून तिथे पाणी भरायला जाते. आणि बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आजारपणाचा खाडा परवडत नाही आणि उचल फिटली पाहिजे, अशा कात्रीत या बाया असतात. ज्यांच्या घामावर आपले टनेज उभे आहे, त्यांच्या पोटातल्या लेकराची काळजी हा उपकार नव्हे, ते आपले देणे आहे.

म्हणून आमची सूचना अशी. टोळ्या आल्या की पहिल्या आठवड्यातच मुकादमाकडून गरोदर बायांची यादी घ्यावी आणि आरोग्य केंद्राला कळवावी. ज्यांना कांजण्या झाल्याचे आठवत नाही, अशांच्या तपासणीचा खर्च कारखान्याने उचलावा; त्या फार नसतील. कोपीत फोड दिसले की चिटबॉयने त्याच दिवशी गट कार्यालयात खबर द्यावी, आणि रुग्णाच्या खपल्या धरेपर्यंत ते बिऱ्हाड वेगळे ठेवून त्या दिवसांची मजुरी बुडू देऊ नये. मजुरी बुडणार असेल तर कोणीही फोड दाखवणार नाही, लपवील.

वार्षिक सभेत ऊसदरावर बोलायचेच आहे, ते बोलूच. त्याच सभेत या खर्चासाठीही एका सभासदाने उठून सूचना मांडावी, एवढी आमची विनंती आहे.