जंगल गावाचे, होडी कोणाची?

कोलकात्याच्या बालीगंज जंक्शनवर पहाटेच्या कॅनिंग लोकलमधून बायकांचे लोंढे उतरतात. दक्षिण कोलकात्यातल्या घरांची धुणीभांडी आणि स्वयंपाक त्यांच्यावर चालतो. त्यांतल्या कित्येकजणी सुंदरबनच्या बाजूच्या गावांतल्या. हिवाळा आला की शहरातले पर्यटक उलट दिशेने वाघ पाहायला निघतात. पर्यटनाने जंगल राखले जाते आणि गावाला रोजगार मिळतो, हे खरे असते तर पहाटेची ही गर्दी थोडीतरी ओसरायला हवी होती. पर्यटकाचा पैसा होडीच्या आणि खोलीच्या मालकाकडे जातो. मालक शहरातला असेल, तर गावाच्या वाट्याला खलाशाची, नाहीतर आचाऱ्याची मजुरी उरते.

कागदोपत्री सुंदरबनच्या संरक्षणात काही उणे नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान. तरीही मासे, खेकडे आणि मधासाठी माणसे जिवावर उदार होऊन खाड्यांत शिरतात आणि काही परत येत नाहीत. २००९ च्या ‘आयला’ वादळाने शेतांत खारे पाणी घुसवले, २०२० च्या ‘अम्फान’ने पुन्हा तेच केले. पिकत नाही म्हणून माणूस जंगलात जातो, त्याला हाव म्हणणे सोपे आहे. दुसरी मिळकत हाती असेल तरच तो जंगलाबाहेर राहील. म्हणूनच होडी कोणाची, हा संवर्धनाचाच प्रश्न ठरतो.

गावकऱ्यांकडे भांडवल नाही, पाहुण्यांची सरबराई करण्याचे शिक्षण नाही, असे यावर सांगितले जाते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत या आक्षेपाचे उत्तर मिळते. तेथे स्वामिनी बचतगटाच्या महिलांनी २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली. होडी वल्हवणाऱ्याही त्याच आणि कांदळवनाची माहिती सांगणाऱ्याही त्याच. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे आणि राज्याच्या कांदळवन कक्षाचे पाठबळ त्यांना मिळाले, हे खरे. पण खाडीची भरती-ओहोटी त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. उणीव भांडवलाची होती, आणि भांडवल सरकार पुरवू शकते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. पर्यटन बेभरवशाचे, २०२० च्या टाळेबंदीत ते एका रात्रीत थांबले. शिवाय डिझेलच्या बोटी, कर्णे आणि प्लास्टिक जंगलाला त्रासच देतात. दोन्ही मुद्दे मान्य करायला हवेत. वर्षावनांच्या पर्यटनासाठी नावाजलेल्या कोस्टा रिकानेही सगळा भार पर्यटकांवर टाकला नाही. तेथे १९९६ च्या वनकायद्यानुसार इंधनावरील कराचा काही भाग जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना दिला जातो. पर्यटन हे गावाच्या मिळकतीतले एक साधन असावे, एकमेव नव्हे. बोटींच्या संख्येवर मर्यादाही हवी, मग पर्यटन खात्याचे आकडे फुगले नाहीत तरी चालेल.

सुंदरबनच्या राखीव क्षेत्रात वनखात्याच्या परवान्याशिवाय पर्यटकांची बोट जात नाही आणि प्रत्येक बोटीवर वाटाड्या घ्यावाच लागतो. वाटाड्याची सक्ती करता येते, तर परवान्यांचा ठरावीक हिस्सा गावच्या बचतगटांसाठी राखण्यात अडचण कोणती? सिंधुदुर्गालाही हा प्रश्न लवकरच भेडसावेल. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या या किनाऱ्यावर वल्ह्याच्या होड्यांना गिऱ्हाईक मिळते असे दिसले, की इंजिनवाले व्यावसायिक येणारच. मांडवीसारख्या खाड्यांतील सफारीचा हक्क स्थानिक गटांकडेच राहील, हा नियम ते येण्याआधी व्हायला हवा. नंतर तो न्यायालयात अडकेल.