धरमतरच्या खाडीवरून १७७६

४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षे पूर्ण होतील. तिकडे आतषबाजी होईल, इकडे रकाने भरतील. अटलांटिकच्या अलीकडे ब्रिटनमध्येही हे वर्ष स्मरणांचेच आहे, कारण १७७६ हे साल ब्रिटिशांच्या सार्वजनिक आयुष्यात विलक्षण दाटीवाटीचे होते. पेण-रोह्याच्या वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की, त्या वर्षी लंडन, फिलाडेल्फिया आणि आपली धरमतरची खाडी एकाच हिशेबाच्या वहीत होत्या; फक्त वही तिकडे होती.

आधी तिकडचे. १७ फेब्रुवारी १७७६ रोजी एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील इतिहासाचा पहिला खंड लंडनमध्ये बाजारात आला. ९ मार्चला ॲडम स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' प्रसिद्ध झाला. त्याच आठवड्यात बर्मिंगहॅमजवळच्या एका कोळशाच्या खाणीत जेम्स वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाने पाणी उपसायला सुरुवात केली. जूनमध्ये डेव्हिड गॅरिक या नटश्रेष्ठाने रंगभूमीचा निरोप घेतला. जुलैत कॅप्टन कुक तिसऱ्या सफरीवर निघाला, तो परतला नाही. ऑगस्टमध्ये एडिंबरोला डेव्हिड ह्यूम वारला. अमेरिकेत आता कैदी पाठवता येईनात, म्हणून थेम्स नदीत जुनी जहाजे नांगरून त्यांत कैदी कोंबण्याचा कायदाही याच वर्षीचा. हाताखालची वसाहत निसटते आहे आणि तरी देश लिहितो आहे, यंत्रे बसवतो आहे, नाटके पाहतो आहे, असे ते दृश्य. गंमत म्हणजे रोम का कोसळला याची मीमांसा करणारा गिबन स्वतः पार्लमेंटचा सभासद होता. अमेरिकेच्या प्रश्नावर तो तोंड उघडत नसे. मत मात्र सरकारच्या बाजूने टाकून येई.

यातले आपल्याशी थेट भिडणारे पुस्तक स्मिथचे. त्याने ईस्ट इंडिया कंपनीची जी झाडाझडती घेतली आहे ती आजही वाचण्यासारखी आहे. राजाचे हित प्रजेच्या भरभराटीत असते आणि व्यापाऱ्याचे स्वस्त घेऊन महाग विकण्यात; दोन्ही पागोटी एकाच डोक्यावर आली की व्यापाऱ्याचीच सरशी होते आणि प्रजा भरडली जाते, हा त्याचा मुद्दा. उत्तर अमेरिकेला सांभाळणारी ब्रिटिश राज्यव्यवस्था आणि पूर्वेकडे लोकांना पिळणारी व्यापारी कंपनी यांतला फरक पाहायचा तर दोन्ही देशांची अवस्था पाहा, असे त्याने सरळ लिहिले. बंगालचा १७७० चा दुष्काळ ताजा होता. तांदळाच्या व्यापारावर कंपनीच्या नोकरांनी घातलेल्या निर्बंधांनी टंचाईचा दुष्काळ व्हायला कदाचित हातभार लावला, असे त्याचे मत होते. हे सारे लंडनच्या पुस्तकांच्या दुकानात उघड विकले जात होते.

आणि ते पुस्तक निघण्याच्या आठच दिवस आधी, १ मार्च १७७६ रोजी, पुरंदरला त्याच कंपनीशी आपल्या कारभाऱ्यांनी तह केला.

त्यामागची हकीकत ठाऊक असलेली आहे, म्हणून थोडक्यात. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गादीवर दावा सांगणाऱ्या राघोबादादांशी मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेला तह केला. तत्पूर्वीच, १७७४ च्या डिसेंबरात, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टीबरोबर उरणचे करंजा बेटही गिळले. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला मुंबईचा हा उद्योग पसंत पडला नाही. त्याने कर्नल अप्टनला पाठवले. अप्टन, सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्या वाटाघाटींतून पुरंदरचा तह निघाला. सुरतेचा तह रद्द, राघोबाला पेन्शन, लढाईच्या खर्चापोटी कंपनीला बारा लाख, आणि साष्टी मात्र इंग्रजांकडेच. शाई वाळते न वाळते तोच लंडनहून संचालकांचे पत्र मुंबईत येऊन थडकले: सुरतेचा तह मंजूर आहे, मिळालेला मुलूख सोडू नका! आफ्रिकेला वळसा घालून पत्र यायला पाच-सहा महिने लागत. लंडनने मंजूर केला तेव्हा इकडे तो तह रद्द होऊन बसला होता. मुंबईकरांनी या विसंगतीचा फायदा घेतला नसता तरच नवल.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पेण-रोह्याच्या पश्चिमेला कुलाब्यात रघूजी आंग्रे. नैर्ऋत्येला जंजिऱ्याचा सिद्दी. पूर्वेला पालीच्या बाजूला पंतसचिव. घाटावर पेशवे. आणि उत्तरेला, धरमतर खाडीच्या मुखाशी, करंजावर कंपनीचे निशाण. आज रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे करंजाचा डोंगर समोर दिसतो. लाँचने पलीकडे जायला फार वेळ लागत नाही. पेणच्या बाजूचे मीठ आणि भात भरतीच्या पाण्यावर खाली उतरून मुंबईकडे निघाले की त्यांना या निशाणासमोरूनच जावे लागे. लढाई पुण्याची असो की कलकत्त्याची, तिची पहिली झळ तांडेलाला लागत असणार. आपल्या तालुक्यांच्या इतिहासात शिवकाल आणि १९३० चे सत्याग्रह येतात, ते यावेतच; पण मधल्या काळातली ही वर्षे बहुधा कोरी राहतात. ती मुळीच कोरी नव्हती.

त्याचा पुरावा म्हणजे तोतयाचे बंड. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मरणाबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. पुढे सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगत प्रकटला. त्याला पकडून रत्नागिरीस कैदेत ठेवले होते. १७७६ मध्ये तिथल्याच अंमलदाराने, रामचंद्र नाईक परांजपे याने, त्याचा पक्ष घेतला आणि कैदी एकदम श्रीमंत झाला. काही महिन्यांत वीसेक हजार माणूस त्याच्याभोवती जमले. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले आणि तो बोरघाटापर्यंत जाऊन पोचला.

या प्रकाराला नुसता भोळेपणा म्हणून हसणे सोपे आहे. नानासाहेबांमागून माधवराव गेले, नारायणरावाचा खून झाला, गादीवर दोन वर्षांचे मूल, चुलत आजोबा इंग्रजांच्या आश्रयाला, आणि कारभार कारकुनांच्या हाती. अशा वेळी पानिपतावरचा सेनापती जिवंत परत यावा हे कोणाला नको होते? भाऊसाहेबांना जवळून पाहिलेला माणूस कोकणात किती असणार? शिवाय किल्लेदाराला दोन्हीकडून हिशेब होता: तोतया खरा निघाला तर आपण पहिले निष्ठावंत, खोटा निघाला तर आपण फसलेले. श्रद्धा आणि सोय यांची अशी गाठ पडली की बंडाला वेळ लागत नाही. आमच्या मते त्यात सोयीचा वाटा मोठा होता.

अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याला घाटाखाली रेटले. तोतया किनाऱ्याकडे पळाला आणि गलबतात बसून मुंबईच्या आसऱ्याला निघाला. एक राघोबा हाताशी असलेल्या मुंबईकरांना दुसरा दावेदार आयता मिळणार, तोच रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडले आणि कुलाब्यात आणून अटकेत टाकले. पुढे पुण्याला नेऊन त्याची चौकशी झाली. भाऊसाहेबांना ओळखणाऱ्यांसमोर उभे करून पडताळा घेतला गेला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

रघूजींच्या या कामगिरीपाशी थोडे थांबले पाहिजे. वीसच वर्षांपूर्वी, १७५६ मध्ये, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळवले होते. तुळाजी हे रघूजींचे चुलते. ते पेशव्यांच्या कैदेतच वारले. रघूजींच्या वडिलांनी, मानाजींनी, त्या वादात पेशव्यांची बाजू धरली होती हे खरे, पण घराण्याचे मोठे आरमार राखेत गेले ते गेलेच. त्या आरमाराच्या धाकाने इंग्रज मुंबईबाहेर पडताना विचार करत. ते जाळून पुण्याने आपलाच दर्यावरचा पहारेकरी काढून टाकला, आणि अडचणीच्या घटकेला उरल्यासुरल्या पहारेकऱ्यानेच पुण्याची लाज राखली. याबद्दल नानांच्या मुत्सद्देगिरीचे गोडवे गाणाऱ्या पुस्तकांत रघूजींना दोन ओळी मिळतात.

अमेरिकेचा धागा खाडीला खरा जोडला जातो तो पुढच्या वर्षी, आणि तोही रोह्याच्या बाजूने. कुंडलिका नदी रोह्याखालून वाहत रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्या मुखाशी, चौलच्या बंदरात, मार्च १७७७ मध्ये एक फ्रेंच जहाज लागले आणि त्यातून सेंट लुबिन नावाचा गृहस्थ उतरला. अमेरिकेतल्या बंडाने इंग्लंड अडकलेले पाहून फ्रान्सला जुने उट्टे काढायचे होते. लुबिनने पुण्याला जाऊन बरेच मोठे शब्द दिले: अडीच हजार युरोपी सैनिक आणू, दहा हजार शिपाई कवायतीत तयार करू, दारूगोळा हवा तेवढा देऊ. माणूस भरवशाचा नव्हता, आणि नाना त्याच्या बोलण्यावर किती विसंबले हा वादाचा विषय आहे. पण त्याला पुण्यात मिळालेल्या मानाने मुंबईच्या कौन्सिलचा थरकाप उडाला. फ्रेंचांना चौल मिळाले तर मुंबईच्या दारातच तोफा, हे सांगायला कोणी गणिती नको होता. १७७८ च्या अखेरीस इंग्रजी फौज पनवेलच्या बाजूने बोरघाट चढली त्याचे एक कारण ही धास्ती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्या फौजेने शरणागती पत्करली, आणि १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा साष्टी आणि करंजा कायमची इंग्रजांकडे गेली. म्हणजे युद्ध जिंकल्यासारखे झाले तरी खाडीचे तोंड गेले ते गेलेच.

अमेरिका हातची गेल्यावर कंपनी अधिकच घट्ट पाय रोवून इथे बसली. यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. तेरा वसाहतींच्या स्वातंत्र्याचा उत्सव करताना त्याची काही किंमत हिंदुस्थानने मोजली हे कोणी आठवत नाही, आपणही नाही.

आम्हाला याहून जास्त सलते ते वेगळेच. कंपनी म्हणजे काय चीज आहे हे सांगणारे सर्वांत तिखट पुस्तक लंडनमध्ये निघाले, त्याच्या आठवडाभर आधीच नाना फडणीस अप्टनच्या तहाची कलमे तपासत होते. नानांसारख्या चौकस माणसाच्या हाती स्मिथचे ते प्रकरण पडले असते तर? त्यांना वकील होते, बातमीदार होते, हरकारे होते. इंग्रजांची मुंबईतली बातमी त्यांना रोज लागे. पण लंडनमध्ये कंपनीचे शत्रू कोण, पार्लमेंटात तिच्यावर कोण तुटून पडते, हे हेरायला तिथे कोणी नव्हते. आणि मराठी मुलखात छापखानाच नव्हता, त्यामुळे कळले असते तरी ते चार कारभाऱ्यांच्या खलबतखान्यात राहिले असते. राज्य गेल्यावर तीस वर्षांनी, १८४९ मध्ये, लोकहितवादींनी 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले. ते लिहिणारा माणूसही कंपनी सरकारचा नोकर होता.

रोह्याशी नाते असलेल्या चिंतामणराव देशमुखांचे नाव इथे अपरिहार्यपणे येते. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेत गेलेले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. स्मिथच्या विद्येत मुरलेला माणूस याच मातीतून निघाला, पण तोवर पावणेदोनशे वर्षे उलटली होती.

करंजावरचे निशाण बदलले तेव्हा तिथल्या आगरी-कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. सत्तेला लोकांची संमती लागते, हे फिलाडेल्फियाच्या कागदावरचे वाक्य करंजाला लागू नव्हते. खरे तर फिलाडेल्फियातल्या गुलामांनाही नव्हते. याउलट, २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाहीत, यावर शेतकऱ्यांचे मत सरकारने कागदावर घेतले. त्या रांगा पाहिलेले लोक अजून गावोगाव आहेत. एखाद्या खासगी कंपनीच्या कामासाठी सरकारने लोकांना आधी विचारावे, ही गोष्ट या खाडीच्या काठावर घडली, आणि १७७६ च्या स्मरणात तिला जागा मिळायला हरकत नाही.

एक मागणी करून ठेवतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या भागाचे मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. जिल्हा परिषदेने, नगरपालिकांनी किंवा पेण-रोह्याच्या महाविद्यालयांनी मोडी वाचणारी चार मुले तयार करावीत. १७७४ ते १७८२ या आठ वर्षांचे, आपल्या बंदरांचे, मिठागरांचे आणि किल्ल्यांचे जेवढे कागद सापडतील तेवढे त्यांनी बाळबोधीत उतरवावेत आणि आपल्याकडच्या ग्रंथालयांत ठेवावेत. खर्च गणेशोत्सवातल्या एका मोठ्या मंडपाएवढाही येणार नाही. सालबाईच्या तहाला अडीचशे वर्षे २०३२ मध्ये होतील. तेवढा अवधी पुरेसा आहे.