निळे थेंब, लाल दिवा आणि तांबड्या पेशी

फेब्रुवारी २०२५ मध्ये रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनिअर विमानात ग्लासात निळे थेंब टाकतानाचा व्हिडिओ व्हायरल झाला. ते मेथिलीन ब्लूच, असं लोकांनी धरून टाकलं. माझ्या फीडमध्येही आता ‘मेंदूचा बूस्टर’ म्हणून हा रंग येतो. काही जण तर थेंब पिऊन लाल एलईडी पॅनेलसमोर बसतात. मला खटकली ती ही जोडी.

१८७६ मध्ये हाइनरिख कारोने बनवलेला हा रंग लाल प्रकाशच, साधारण ६६० नॅनोमीटरचा, सगळ्यात जास्त शोषतो. ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि ‘सिंगलेट ऑक्सिजन’ तयार होतो. तो पाण्यात जेमतेम काही मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे जी तोडफोड करायची ती जागेवरच. रंग तांबड्या पेशीच्या आवरणाला (शाळेतलं प्रद्रव्यपटल!) चिकटलेला असेल, तर तिथली स्निग्धद्रव्यं आणि प्रथिनं बिघडतात. पोटॅशियम बाहेर गळतं, सोडियम आत शिरतं, मागोमाग पाणी. पेशी फुगून फुटते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे खराब झालेलं प्रथिन नव्याने बनवता येत नाही. बॅकअप नसलेला सर्व्हरच म्हणा.

युरोपात दान केलेल्या प्लाझ्मातले विषाणू मारायला हीच युक्ती वापरतात: मेथिलीन ब्लू टाका, प्रकाश द्या, रंग गाळून काढा. तांबड्या पेशींच्या पिशवीला मात्र ती लावता येत नाही. विषाणूसोबत पेशीही खराब होतात, वर हिमोग्लोबिन स्वतःच बराच प्रकाश गिळतं.

मग पॅनेलसमोर बसून रक्त फुटेल का? असं मी म्हणत नाही. त्वचेतून प्रकाश फार खोल जात नाही आणि शरीरात या रंगाचा बराच भाग रंगहीन रूपात जातो. खरा धोका अंधारातही आहे. जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. आपल्याकडे पारशी आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते आणि अनेकांना ती असल्याचं माहीतच नसतं. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक वाढतं. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच तसा इशारा दिलाय.

मेथहिमोग्लोबिनेमियात डॉक्टर हे शिरेतून देतात, वजनानुसार मोजून. फिश टँकच्या दुकानातली निळी बाटली माशांच्या बुरशीसाठी असते.